दोन पावडरी आणि एक वही

मी आहारतज्ज्ञ आहे. सिंधुदुर्गातल्या एका तालुक्याच्या गावी आठवड्यातले दोन दिवस बसते, बाकीचे सल्ले फोनवर देते. हे प्रकरण अशाच एका फोनवरच्या वाक्यापासून बिघडलं, आणि ते वाक्य माझंच होतं. कुटुंबाच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून वयं, आकडे आणि काही तपशील थोडे बदलले आहेत.

पार्श्वभूमी

गुरुजी ६८ वर्षांचे, निवृत्त प्राथमिक शिक्षक. वजन ६२ किलो. घर मालवण आणि देवगडच्या मधल्या किनारपट्टीवर. रक्तदाब दहा वर्षांपासून, त्यासाठी रोज एक गोळी. साखर नाही. काकी ६३ वर्षांच्या, वजन ४७ किलो. बारा वर्षांपूर्वी माळ घातली तेव्हापासून त्यांची मासळी बंद आहे. गुरुजींसाठी मात्र त्याच रांधतात, वेगळ्या भांड्यांत. एकुलता मुलगा मुंबईला असतो. गणपतीला हमखास येतो, शिमग्याला जमलं तर.

त्या गणपतीत मुलाला वडील खंगलेले वाटले. सदऱ्याचा गळा सैल झाला होता. मुलगा स्वतः जिमला जाणारा, त्यामुळे त्याच्या डोक्यात पहिलं नाव आलं ते प्रोटीनचं. विसर्जनानंतर त्याने गुरुजींना शहरात नेऊन रक्ताच्या तपासण्यांचं पॅकेज करून घेतलं. सगळं ठीक होतं, फक्त ड जीवनसत्त्व १४ आलं. हे २० च्या खाली गेलं की कमतरता धरतात. तिथल्या डॉक्टरांनी ६०,००० युनिटची पाकिटं लिहून दिली: आठवड्यातून एक, आठ आठवडे. यात चूक काहीच नव्हती, हीच नेहमीची पद्धत आहे.

मुंबईला परत गेल्यावर मुलाने एक खोका पाठवला. त्यात डॉक्टरांनी लिहिलेली ती पाकिटं, व्हॅनिला चवीचा प्रोटीन पावडरचा डबा, कॅल्शियमच्या गोळ्या (त्यांतही थोडं ड जीवनसत्त्व असतंच), मल्टीव्हिटॅमिन आणि माशाच्या तेलाच्या कॅप्सुली होत्या. बांगडा खाणाऱ्या माणसाला माशाचं तेल मुंबईहून पार्सलने येतं, याचं, पुढे कळलं तेव्हा, मला हसू आलं होतं.

फोन

सप्टेंबरच्या शेवटी मुलाचा फोन आला. "मॅडम, बाबांना नेमकं किती प्रोटीन लागतं?"

प्रश्न चांगला होता आणि माझ्या आवडीचा होता. गुरुजींनाही फोनवर घेऊन मी त्यांचं दिवसभराचं खाणं विचारून घेतलं. सकाळी उकड्या तांदळाची पेज. दुपारी भात, बांगड्याचं तिखलं नाहीतर तारली, वर सोलकढी. रात्री भात, कुळथाची पिठी. एक अंडं, एक पेला दूध. हिशेब साधारण असा मांडला: दिवसभराच्या पाव किलो तांदळातून १८-१९ ग्रॅम, माशाच्या दोन मोठ्या तुकड्यांतून २०-२२, पिठीतून सहा, अंड्यातून सहा, दुधातून सहा. म्हणजे ६० च्या आत-बाहेर.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या तक्त्यांनुसार प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. गुरुजींसाठी ती ५१-५२ ग्रॅम झाली. साठीनंतर स्नायूंची झीज वाढते, म्हणून वृद्धांच्या आहाराचे बरेच जाणकार किलोमागे १ ते १.२ ग्रॅम सुचवतात. म्हणजे ६२ ते ७४. मासळीच्या दिवशी गुरुजी या रेषेला जवळजवळ टेकत होते. सोमवार, संकष्टी, सबंध श्रावण अशा बिनमासळीच्या दिवशी मात्र ते ४० च्या आसपास घसरत. जून-जुलैत बोटी बंद असल्या की सुकट आणि सुका बांगडा असतो. त्यात प्रथिनं भरपूर, पण मीठही तेवढंच, आणि गुरुजींना रक्तदाब.

म्हणजे तूट होती, पण ती काही दिवसांची होती, आणि एक जास्तीचं अंडं नि वाटीभर चवळीची उसळ यांनी ती भरून निघाली असती. मी तसं सांगितलंही. पण डबा घरात आलेला होता, मुलाने हौसेने पाठवलेला होता. मी म्हटलं, "एक स्कूप पावडर रोज दुधातून घ्यायला हरकत नाही."

हेच ते वाक्य. खोक्यात आणखी काय आहे हे मी विचारलं नाही. मला प्रथिनांचं विचारलं होतं, मी प्रथिनांचं सांगितलं.

अडचण

नोव्हेंबरच्या मध्यापासून गुरुजींना बद्धकोष्ठता सुरू झाली. मग तहान. रात्री चार-पाच वेळा लघवीला उठणं. अन्नावरची वासना गेली, बांगड्याचा वासही नको झाला.

प्रत्येक तक्रारीला स्वतंत्र उपाय मिळत गेला. पोट साफ होत नाही, म्हणून इसबगोल. लघवीला वारंवार जावं लागतं, म्हणून आधी साखर तपासली. ती नॉर्मल निघाल्यावर वयोमानाने प्रोस्टेट वाढली असेल, असं ठरलं. भूक नाही, म्हणून टॉनिक. आणि अशक्तपणा वाढतोय म्हटल्यावर मुलाने फोनवरून एका स्कूपचे तीन करायला सांगितले. ही या प्रकरणातली मला सर्वांत जास्त सलणारी जागा आहे. माणूस खालावला की त्याला काहीतरी कमी पडतंय, हे आपण किती सहज धरून चालतो. काहीतरी जास्त होत असेल, हे कुणाच्या मनातही येत नाही.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात गावची जत्रा होती. दशावताराचा संकासुर रंगात आला की गुरुजी बसल्या जागेवरून त्याच्या आधी संवाद म्हणत, ही त्यांची पंचक्रोशीत ख्याती. त्या रात्री ते खुर्चीत पेंगत होते आणि मधेच शेजाऱ्याला विचारलं, "ह्यो कोण इलो?" समोर संकासुरच उभा होता. दुसऱ्या दिवशी त्यांना दुकानात सुटे पैसे मोजता येईनात. चाळीस वर्षं पाढे शिकवलेला माणूस.

काकींनी त्यांना माझ्याकडे आणलं, कारण त्या दिवशी मी गावात होते आणि डॉक्टर नव्हते. मी त्यांना घरी फोन करून शेजारच्या मुलाकडून औषधांची पिशवी आणि खोका, असतील त्या सगळ्या वस्तू मागवायला सांगितल्या. त्याच्याबरोबर एक वहीही आली.

गुरुजींनी दुरेघी वहीत रकाने आखले होते. तारीख, रक्तदाबाची गोळी, कॅल्शियम, पावडर मोठी, पावडर लहान. प्रत्येक रकान्यात रोज एक सुबक बरोबरची खूण. लहान पावडर म्हणजे काय, हे मी विचारलं. त्यांनी खिशातून पाकीट काढलं. ६०,००० युनिट.

"गुरुजी, हे रोज?"

"पावडर दुधात घालूक सांगल्यानी. दूध मी रोज पितंय. मगे पावडर पण रोज. तूच सांगलंस मा बाय?"

२८ सप्टेंबर ते १३ डिसेंबर, ७७ खुणा. एकही दिवस चुकला नव्हता.

हिशेब

ड जीवनसत्त्वाची रोजची गरज ६०० युनिट धरतात आणि वरची सुरक्षित मर्यादा ४,०००. एक पाकीट म्हणजे शंभर दिवसांची गरज. ते आठवड्यातून एकदा, ठरावीक काळ घेतलं तर रिकामी कोठी भरते. ७७ पाकिटं म्हणजे ४६ लाख २० हजार युनिट, जवळपास २१ वर्षांचा साठा अडीच महिन्यांत. डॉक्टरांनी लिहिलेला पूर्ण कोर्स होता फक्त ४ लाख ८० हजारांचा.

क जीवनसत्त्व जास्त झालं तर बहुतेक लघवीवाटे निघून जातं. ड तसं नाही. ते चरबीत विरघळतं आणि तिथेच मुक्काम करतं. त्याचं प्रमाण अति झालं की आतडी अन्नातलं कॅल्शियम ओढून घेतात, हाडंही आपलं कॅल्शियम रक्तात सोडतात. रक्तात कॅल्शियम वाढलं की मूत्रपिंडाला पाणी राखता येत नाही, म्हणून लघवी जास्त, म्हणून तहान. शरीर कोरडं पडतं आणि कॅल्शियम आणखी चढतं. आतड्यांची हालचाल मंदावते, डोकं जड होतं. गुरुजींची एकेक तक्रार या साखळीत चपखल बसत होती. त्यात दोन गोष्टींनी भर घातली: कॅल्शियमच्या गोळ्या, आणि रक्तदाबाची गोळी. त्या गोळीत थायाझाइड जातीचं औषध होतं, आणि ते लघवीवाटे बाहेर जाणारं कॅल्शियम अडवून धरतं.

इतकी पाकिटं आली कुठून, हा प्रश्न सगळेच विचारतात. पहिली आठ मुंबईहून आली, ती आठ दिवसांत संपली. मग गुरुजी रिकामं पाकीट घेऊन मेडिकलमध्ये जात आणि तिथून खोकी मिळत गेली. शिवाय मुलाच्या मोबाईलवरून दर महिन्याला आपोआप नवी मागणी जात होती. कुणालाही कुणाचा पत्ता नव्हता.

पर्याय

त्या दुपारी प्रश्न होता तो कुठे न्यायचं याचा. मुलगा फोनवर म्हणत होता, मुंबईला आणा, मी गाडी पाठवतो. शेजारी म्हणत होते गोव्याला, बांबोळीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात. तिसरा पर्याय तासाभरावरच्या शहरातलं मध्यम आकाराचं रुग्णालय. मी डॉक्टर नाही, ठरवण्याचा अधिकार माझा नव्हता. मी तिथल्या फिजिशियनना फोन लावून वही वाचून दाखवली. ते म्हणाले, आधी सलाईन लागायला हवं, मुंबईचं नंतर बघू. दहा तासांच्या प्रवासात कोरडं पडलेलं शरीर आणखी कोरडं पडलं असतं. मुलगा नाराज झाला, पण रात्रीच्या गाडीने निघाला.

कॅल्शियम १३.४ आलं. १०.५ च्या आत असायला हवं. मूत्रपिंडाचं काम मंदावलं की रक्तात वाढणारं क्रिएटिनिन, जे सप्टेंबरमध्ये १.० होतं, ते २.१. ड जीवनसत्त्वाचा आकडा १५० च्या वर, म्हणजे यंत्राच्या मोजण्याच्या टोकापलीकडे.

आता डॉक्टरांपुढचा पेच. सलाईन आणि सगळं बंद, हे तर ठरलेलंच. हाडांतून कॅल्शियम सुटणं रोखणारं इंजेक्शन देता येतं, पण मूत्रपिंड आधीच दबलेलं असताना ते जपून द्यावं लागतं. दुसरा मार्ग स्टिरॉइडच्या गोळ्यांचा. ड जीवनसत्त्वाच्या विषबाधेत त्या चांगलं काम करतात, पण साखर आणि रक्तदाब चढवू शकतात. त्यांनी स्टिरॉइड निवडलं, थोड्या दिवसांसाठी, आणि रक्तदाबाची गोळी बदलली.

माझ्याकडे आलेला प्रश्न वेगळा होता. वॉर्डाबाहेर तोवर निकाल लागून गेला होता: "पावडरीन किडनी गेली." मुलगा अपराधी चेहऱ्याने उभा. प्रोटीनचा डबा त्याने समुद्रात फेकायचा बाकी ठेवला होता. इथे मला त्या डब्याची बाजू घ्यावी लागली. धडधाकट मूत्रपिंडाला जास्तीच्या प्रथिनांनी इजा होते, असं दिसलेलं नाही. दुखावलेल्या मूत्रपिंडाला मात्र तो भार नको असतो. म्हणजे डबा गुन्हेगार नव्हता, पण आता काही महिने बंद ठेवायला हवा होता. हे दोन्ही एकदम समजावणं कठीण गेलं. पाकिटाऐवजी डब्यावर सगळं ढकललं असतं तर पाकिटांची सवय पुन्हा कुठूनतरी घरात शिरली असती.

डब्यावरचा राग मात्र मी पूर्ण घालवला नाही. २०२४ मध्ये केरळमधल्या डॉक्टरांच्या पुढाकाराने भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ पावडरी तपासल्या गेल्या, त्यांतल्या सुमारे ७० टक्क्यांवर लिहिलेला प्रथिनांचा आकडा चुकीचा निघाला. त्याच वर्षी राष्ट्रीय पोषण संस्थेच्या आहारविषयक सूचनांत स्नायू वाढवायला असल्या पावडरी टाळाव्यात असं म्हटलं आहे. आणि पैशांचा हिशेब तर कुणालाही जमेल. गुरुजींचा किलोचा डबा तीन हजारांचा होता, त्यात फार तर सव्वासातशे ग्रॅम प्रथिनं. आमच्याकडे अंडं सात रुपयांना. तेवढ्या पैशांत सव्वाचारशे अंडी येतात, म्हणजे अडीच किलो प्रथिनं.

काय केलं

सहा दिवस रुग्णालय. घरी सोडताना मी आहार लिहून दिला. एरवी मी ज्याची भलामण करते त्याच गोष्टी त्यातून काढाव्या लागल्या: नाचणीची भाकरी, दूध, सुकट, सगळी कॅल्शियमची कोठारं. प्रथिनं किलोमागे ०.८ ग्रॅमवर, म्हणजे रोज पन्नासच्या आत. ताज्या माशाचे दोनऐवजी दीड तुकडे. पाणी भरपूर, आणि तेही वहीत टिपून. गुरुजींना वही सोडवत नव्हती, मीही ती सोडायला सांगितली नाही. फक्त एक रकाना वाढवला: "कुणी सांगितलं". प्रत्येक वस्तूपुढे नाव आणि तारीख. आठवड्याच्या वस्तूला फक्त त्या वाराच्या घरात खूण करायची, बाकीच्या सहा घरांवर आडवी रेघ.

काकी

रुग्णालयातल्या त्या सहा दिवसांत मी काकींना रोज बघत होते. त्या भिंतीचा आधार घेऊन चालत. तिसऱ्या दिवशी चहा घेताना म्हणाल्या, तिखट सोसत नाही, जीभ सोलल्यासारखी झाली आहे. तळपायांना मुंग्या येतात, अंगणात दोनदा तोल गेला. तपासून घ्या म्हटलं तर, "माका काय धाड भरली? ह्येंका बघा."

मी त्यांच्या जेवणाचा हिशेब मांडला. कोऱ्या चहाबरोबर खारी. दुपारी सगळ्यांचं झाल्यावर भात आणि सार, उरली असेल तर उसळ. सोमवार, गुरुवार आणि एकादशीला साबुदाणा, ज्यात प्रथिनं जवळजवळ नसतातच. गरज ३९ ग्रॅमची होती. साध्या दिवशी ३० च्या आत, उपवासाला १८-२०. आणि ब-१२? ते निसर्गतः प्राणिजन्य अन्नातूनच मिळतं. मासळी सुटली, अंडं सुटलं, दूध गुरुजींच्या पेल्यात जातं. बारा वर्षं.

फिजिशियननी रक्त काढायला लावलं. ब-१२ १२० आलं, दोनशेच्या बरंच खाली. हिमोग्लोबिन १०.२, तांबड्या पेशी आकाराने मोठ्या. त्या घरात पूरकाची सर्वांत जास्त गरज काकींना होती, आणि खोक्यातली एकही गोष्ट त्यांच्यासाठी आली नव्हती. मुलाने आईची तपासणी का केली नाही, असं मी त्याला विचारलं नाही. सप्टेंबरच्या फोनवर मी तरी कुठे विचारलं होतं, की घरात जेवणारं दुसरं कोण आहे?

ब-१२ ची इंजेक्शनं सुरू झाली, पुढे गोळ्या. आहारात रोज वाटीभर दही, कुळीथ किंवा चवळीची उसळ स्वतःच्या ताटात आधी वाढून घ्यायची, उपवासाला साबुदाण्याऐवजी राजगिरा, शेंगदाणे, दही. आणि तो अर्धा उरलेला डबा? मी सुचवलं, तो संपेपर्यंत काकींनी घ्यावा, रोज एक स्कूप. त्यांनी डबा हातात घेऊन उलटसुलट केला. "ह्यात अंडा नाय मा?" दुधापासूनच करतात म्हटल्यावर तयार झाल्या, पण उपवासाच्या दिवशी नाही. व्हॅनिला उपवासाला चालतो असं त्यांना पटलं नाही. मीही वाद घातला नाही.

काय झालं

स्टिरॉइड थांबवल्यावर दहाव्या दिवशी गुरुजींचं कॅल्शियम पुन्हा ११.६ वर गेलं. चरबीत साठलेलं जीवनसत्त्व हळूहळू रक्तात उतरत राहतं, त्यामुळे असं होतं. पुन्हा थोडे दिवस गोळ्या, पुन्हा सलाईन. फेब्रुवारीअखेर ते १०.२ वर स्थिरावलं. शिमग्याला गुरुजी मांडावर बसले होते आणि ढोल चुकला की पूर्वीसारखे करवादत होते. क्रिएटिनिन मात्र १.३ वर थांबलं आहे. ते १.० होणार नाही, असं डॉक्टरांना वाटतं.

काकींच्या जिभेची आग पंधरा दिवसांत गेली. पायांच्या मुंग्या कमी झाल्या आहेत, पूर्ण गेलेल्या नाहीत. इतकी वर्षं राहिलेली कमतरता नसांना धरून बसते, त्यांना वेळ लागेल.

आता काय वेगळं करते

"पावडर" हा शब्द मी फोनवर वापरत नाही. डब्यावरचं नाव वाचून घेते, पाकिटाचा फोटो मागवते. किती ग्रॅम लागतात हे सांगण्याआधी घरातल्या सगळ्या औषधांची पिशवी कॅमेऱ्यासमोर उलटी करायला लावते. लोकांना हा उद्योग वाटतो, एकदोघांनी फोन ठेवूनही दिला. मुलगा किंवा सून बोलत असली तर ज्याने घ्यायचं त्याच्याकडून परत वदवून घेते: काय, किती, कधी. गुरुजींकडून तेव्हा वदवून घेतलं असतं तर त्यांनी "दोनी पावडरी" म्हटलं असतं आणि गोष्ट तिथेच थांबली असती.

मेडिकलवाल्याशी मी बोलले. तो गावातलाच, भला माणूस. आता ६०,००० च्या पाकिटांवर तो स्केचपेनने वार लिहून देतो आणि एका वेळी चारच देतो. सगळ्यांना देतो का, हे मी तपासलेलं नाही.

एका गोष्टीवर माझं अजून ठरत नाही. नोव्हेंबरमध्ये गुरुजींना तपासणाऱ्याने कॅल्शियम बघायला हवं होतं का? साखर नॉर्मल आल्यावर तहान आणि लघवीचं दुसरं कारण शोधायला हवं होतं, हे आज म्हणणं सोपं आहे. चाळीस पेशंट बाहेर बसलेले असताना, वही समोर नसताना, मला ते सुचलं असतं असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. वही घरात होती, रोज भरली जात होती. ती कुणी मागितली नाही.

गुरुजींची पुढची तपासणी मिरगाच्या आधी आहे. त्याच दिवशी काकींचंही रक्त काढायचं, असं वहीत लिहिलंय. "कुणी सांगितलं" या रकान्यात गुरुजींनी स्वतःचं नाव घातलंय.